गरम झाली की रुसते, गार झाली की लागते: जुन्या इटालियन गाड्यांचं परतपरत येणारं दुखणं

लक्षण असं. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागते. तासभर झकास पळते, तापमानाचा काटा मध्यावर असतो. तुम्ही कुठेतरी थांबता, वीसेक मिनिटांनी परत येऊन चावी फिरवता, आणि सेल्फ नुसता फिरत राहतो. किंवा ट्रॅफिकमध्ये उभी असताना मिसिंग मारायला लागते आणि दोन आचके देऊन बंद पडते. तासभर बॉनेट उघडं ठेवलं की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा लागते. पुढच्या उन्हाळी फेरीत परत तेच.

अल्फा रोमिओची १०५ मालिका, फियाट १२४ स्पोर्ट, एक्स१/९, लान्चा फुल्विया, यांपैकी काहीही दारात असेल आणि त्यात थोडीफार हौसेची कामं झालेली असतील, तर हे दुखणं तुमच्या ओळखीचं असणार. स्पिका इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या) अल्फा मी बाजूला ठेवतो, त्यांचं शास्त्र वेगळं आहे. इथे फक्त कार्ब्युरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरमध्ये मिसळून इंजिनला जाते अशा गाड्या.

हा फॉल्ट पुन्हा पुन्हा का येतो? कारण तो गार झाल्यावर आपोआप जातो. कुणी कार्ब्युरेटर खोलला, धुतला, बसवला. तोवर इंजिन गार झालं, गाडी लागली, श्रेय कार्ब्युरेटरला. पुढच्या वेळी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) बदलली, तोवर इंजिन गार झालं, श्रेय कॉइलला. असं करत निम्मी गाडी नवी होते आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

या गाड्यांशी माझा संसार तरुणपणापासूनचा आहे. घेणं, खोलणं, मोठे कार्ब्युरेटर बसवणं, एक्झॉस्ट बदलणं, मग कंटाळून पुन्हा मूळ वळणावर आणणं, सगळं करून झालंय. त्यातून एक मत पक्कं झालं आहे: शोध सुरू करायचा तो कारखान्याने जे दिलं तिथून नव्हे, आपण किंवा आधीच्या मालकाने जे काढलं आणि जे लावलं तिथून. इंजिनं मुळात दणकट आहेत. फियाटचं ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन आउरेलिओ लाम्प्रेदींचं. हा माणूस फेरारीची व्ही-१२ इंजिनं करून १९५५ मध्ये फियाटला आला आणि १९६६ मध्ये १२४ स्पोर्टसाठी हे दातेरी रबरी पट्ट्याचं इंजिन पुढे आलं. पुढे रॅलीच्या गाड्यांत या इंजिनाने जे सोसलं ते पाहता, तुमच्या रविवारच्या फेरीने ते दमत नाही. दमतं ते त्याच्या भोवतीचं सामान.

बंद पडली त्या पाच मिनिटांत काय करायचं

काहीही खोलू नका. प्लग काढू नका, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्लगांना वाटून देणारा) हलवू नका. गरम असतानाच पुरावा मिळतो, गार झाल्यावर तो पुसला जातो. डिकीत एवढं असू द्या: मल्टिमीटर, एक जास्तीचा प्लग, दोन्ही टोकांना चिमटे असलेली मीटरभर वायर, जाड हातमोजे, आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर. शेवटची वस्तू शोभेची नाही. आपण तापलेल्या इंजिनशेजारी पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही शोधणार आहोत.

पहिला प्रश्न, सेल्फ नेहमीच्या जोराने फिरतो का? दुसरा, ठिणगी आहे का? तिसरा, पेट्रोल आहे का, की जरुरीपेक्षा जास्त आहे? क्रम हाच ठेवा.

ठिणगी बघायची तर एका प्लगची वायर काढून ती जास्तीच्या प्लगला लावा, त्या प्लगचं लोखंड चिमट्याच्या वायरने इंजिनला अर्थ करा, प्लग कार्ब्युरेटरपासून लांब धरा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकड आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर, बारीक, मधूनच गायब होणारी ठिणगी म्हणजे नाहीच समजा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर प्लगची वायर उघडी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, मॉड्यूल जायचं.

पेट्रोल बघायला वेबर किंवा देल्लोर्तो कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या जोडीवर फार सोपी युक्ती आहे. चावी बंद, एअर फिल्टर काढा, टॉर्च घेऊन कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल झटकन उघडा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या जेटमधून पेट्रोलची सरळ, अखंड धार आली पाहिजे. धार नाही म्हणजे फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, रिकामा. धार थुंकल्यासारखी, बुडबुड्यांसकट आली तर पेट्रोल उकळतंय. धार चांगली आहे आणि घसा आधीच ओला आहे, वास डोळ्यांना झोंबतोय, तर ओव्हरफ्लो.

इथवर आलात की चार वाटा फुटतात.

सेल्फच जड फिरतो

गार असताना गर्रकन फिरणारा सेल्फ गरम झाल्यावर कण्हत असेल किंवा नुसता टक् आवाज करत असेल, तर बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा. सेल्फ मारताना मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग वाया गेलंय. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स यांच्यातली विणलेली पट्टी हाच करंटचा परतीचा रस्ता. ज्या मॉडेलांत बॅटरी डिकीत असते तिथे हा रस्ता आणखी लांब.

रिस्टोअर केलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. एका मित्राच्या १२४ कूपेचं रंगकाम इतकं सुरेख होतं की हात लावायला भीती वाटावी. त्या सुरेख रंगावरच अर्थिंगची पट्टी बोल्टने आवळली होती. बोल्टच्या दोन-तीन आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता, आणि गरम झाल्यावर तेवढाही नाही. रंग खरवडून लोखंड उघडं केलं, पट्टी बसवली, वरून ग्रीस लावलं. हे खरवडायला मन धजावत नाही हे मला मान्य आहे. तरी खरवडा.

अर्थिंग ठीक असेल तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच. त्याला करंट येतो तो चावीच्या स्विचमधून, ५० नंबरच्या टर्मिनलवर, बारीक वायरीने, बराच वळसा घालून. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. एक्झॉस्टशेजारी बसलेलं सोलेनॉइड ८० अंशांनी तापलं की त्याच्या गुंडाळीचा रोध जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो, आणि पन्नास वर्षांच्या स्विचमधून आधीच दोन व्होल्ट गळालेले असतात. उपाय स्वस्त आहे: चावीचा करंट रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) चालवायला वापरायचा आणि सोलेनॉइडला बॅटरीकडून जाड वायरीने थेट द्यायचा. हेडलाइटलाही असंच करा, उजेडातला फरक त्याच रात्री दिसेल.

एक्झॉस्ट बदलून हेडर (प्रत्येक सिलिंडरच्या वेगळ्या नळ्यांचा एक्झॉस्ट) बसवले असतील तर ते सेल्फच्या किती जवळून जातात ते पाहा. मध्ये पत्र्याचा आडोसा हवा. ठिणगीचं टायमिंग जास्त पुढे घेतलं असेल तरी गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं, तेही तपासा.

सेल्फ फिरतो, ठिणगी नाही

चावी चालू करून कॉइलच्या पॉझिटिव्हवर व्होल्ट मोजा. फियाटच्या स्विचवर हा करंट १५/५४ या टर्मिनलवरून निघतो. बॅटरीवर १२.४ आणि कॉइलवर १०.५ असेल तर कॉइल निर्दोष आहे, मधला रस्ता दोषी आहे. बॅलास्ट (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा रोधक) असलेल्या गाडीत मात्र पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे-जोडणारे संपर्क) मिटलेले असताना कॉइलवर कमीच व्होल्ट दिसतात, त्यावरून घाबरू नका. शंका असेल तर चिमट्याची वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट कॉइलला द्या आणि सेल्फ मारा. गाडी लागली? मग स्विच, कनेक्टर, बॅलास्ट, एवढ्यातच चोर आहे. अशा वेळी गाडी चावीने बंद होणार नाही, वायर काढावी लागेल, आणि बॅलास्टच्या कॉइलवर अशी थेट वायर लावून लांब जाऊ नका.

फ्यूजबॉक्सही पाहून घ्या. दोन्ही टोकांना निमुळते, वरून धातूची पट्टी गेलेले ते जुने फ्यूज नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर बसलेले असतात. पट्टी काळवंडली की संपर्क तापतो, तापला की स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापतो. फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवला आणि काहीतरी चालू झालं, तर निदान झालं. मूळ इग्निशन या फ्यूजवर नसलं तरी नंतर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा करंट बहुतेक वेळा इथूनच चोरलेला असतो.

कॉइलवर करंट पुरेसा आहे आणि तरी ठिणगी नाही, तर तीन संशयित. कंडेन्सर (पॉइंटना जोडलेला छोटा कपॅसिटर) गरम झाल्यावर दगा देतो; साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड मूल्य असतं, पण गार असताना मोजून काही कळत नाही, चांगला माहीत असलेला बाहेरून जोडून बघणं हीच खरी परीक्षा. कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध बॅलास्टशिवायच्या कॉइलला ३ ओहमच्या आसपास, बॅलास्टच्या कॉइलला १.५ च्या आसपास असतो. बॅलास्टची कॉइल बॅलास्ट काढून वापरली की ती भाजून निघते, आणि डिस्ट्रिब्युटरमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही तिच्याबरोबर. ‘पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवलं, तेव्हापासून सुरू झालं’ हे वाक्य कानावर आलं की मी आधी कॉइलचा रोध मोजतो. मॉड्यूल वाईट असतं असं नाही, त्याला भलती कॉइल जोडलेली असते.

तिसरा संशयित दिसत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आत, पॉइंटपासून बाहेरच्या टर्मिनलपर्यंत जाणारी बारीक लवचीक वायर. वरचं आवरण शाबूत, आतले तंतू तुटलेले. चिमटीत धरून हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत काही उरलेलं नाही.

ठिणगी चांगली, पण पेट्रोलचा वास घमघमतोय

चालू इंजिनमध्ये पंखा फिरत असतो, पाणी फिरत असतं, आणि आत येणारं गार पेट्रोल कार्ब्युरेटरला गार ठेवत असतं. चावी बंद केली की हे तिन्ही थांबतं, पण तापलेलं इंजिन आणि एक्झॉस्ट आपली उष्णता वर सोडत राहतात. पहिली दहा-वीस मिनिटं कार्ब्युरेटर चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतो. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. चेंबरमधलं पेट्रोल दुधासारखं उतू जाऊन मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरपासून हेडकडे जाणाऱ्या नळ्यांत, गळतं. म्हणून पाच मिनिटांनी गाडी लागते, वीस मिनिटांनी लागत नाही, तासाने पुन्हा लागते. हे वेळापत्रक जुळलं तर कार्ब्युरेटर बदलू नका.

रस्त्यावरचा उपाय: अ‍ॅक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबा, तसाच दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली करू नका, प्रत्येक दाबाला अ‍ॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो. चोक तर अजिबात नको.

कायमचा उपाय म्हणजे कारखान्याने दिलेलं आणि हौसेपायी काढलेलं परत बसवणं. अल्फाच्या जोड-वेबरवर मुळात मोठी एअरबॉक्स आणि बाहेरची हवा आणणारा पाइप असतो. तो काढून छोटे उघडे फिल्टर लावले की आवाज छान येतो, मलाही आवडतो, पण मग कार्ब्युरेटर बॉनेटखालची भाजलेली हवा पितात. खालचा उष्णतेचा पत्रा काढला असेल तर तो आधी शोधून आणा. फियाट १२८ आणि त्याच इंजिनच्या एक्स१/९ मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला आहेत, कार्ब्युरेटर थेट शेगडीवर. एक्स१/९ मध्ये तर इंजिन पाठीमागे कोंडलेलं. १५०० सीसीच्या काही गाड्यांत कारखान्यानेच कार्ब्युरेटर गार करायला वेगळा पंखा दिला होता. तो काढलेला आढळला तर नवल नाही, परत लावा.

दाबही मोजा. डीसीओई प्रकारच्या (आडव्या, दोन घशांच्या) वेबरला ०.२ ते ०.२५ बार दाब पुरतो. इलेक्ट्रिक पंप बसवला आणि रेग्युलेटर नाही, तर तो फ्लोटची सुई (येणारं पेट्रोल अडवणारी) उचलून आत पेट्रोल ढकलतो. मग उतू जायला निमित्तच हवं असतं.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. डीसीओई मॅनिफोल्डला घट्ट आवळायचा नसतो. सील करायला रबरी ओ-रिंग असते आणि नटांखाली दुपदरी स्प्रिंग वॉशर किंवा रबरी कप. नट इतपतच घ्यायचे की स्प्रिंगच्या वेढ्यांत साधारण एक मिलिमीटर फट राहील. कार्ब्युरेटर हाताने धरून हलवला तर किंचित हलला पाहिजे. पूर्ण आवळला की इंजिनची थरथर थेट चेंबरमध्ये जाते, पेट्रोलला फेस येतो, फ्लोट फेसावर तरंगतो आणि पातळी कुठल्या कुठे जाते. गरम पेट्रोलला फेस आणखी लवकर येतो.

१०५ अल्फाची रचना वेगळी. तिथे कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामध्ये धातूला चिकटवलेल्या रबराच्या बैठका असतात. हे रबर खालच्या बाजूने फाटतं, म्हणजे वरून बघणाऱ्याला दिसतच नाही. फाटलं की इंजिन तिथून हवा खेचतं, मिक्स्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि गरम इंजिन उभ्या गाडीत मरतं. आयडल चालू असताना बैठकीभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर सापडलं. पेट्रोल किंवा क्लीनर फवारायचा सल्ला मिळेल, तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो ऐकू नका. दुसरी खूण: मिसिंग मारणारं इंजिन चोक किंचित ओढल्यावर सावरलं तर ते लीनच चाललंय. कार्ब्युरेटरखालचा आधाराचा ब्रॅकेट जागेवर आहे ना, तेही बघा. तो नसला की सगळं वजन या रबरावर येतं आणि नवी बैठकही लवकर जाते.

ठिणगी चांगली, चेंबर कोरडा

आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लागली, तर टाकीला श्वास नाही. रेसिंगचं दिसणारं बंद झाकण बसवलंय का? मूळ श्वासनळी रंगकामात बुजली का?

झाकण ठीक असेल तर व्हेपर लॉक. इंजिनवरचा पंप पेट्रोल ओढून घेतो, ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. पंप वाफ ओढत बसतो. ओलं फडकं पंपावर टाकून गाडी लागली तर हेच. नळीला लाकडी चिमटे लावायचा जुना तोडगा अजून चालतो; मला त्याने कधी काही साधलेलं दिसलं नाही, पण गाडी गार व्हायला तेवढा वेळ जातो खरा.

इलेक्ट्रिक पंप बसवायचा तर टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीला. तो ढकलण्यात हुशार, ओढण्यात नाही. कित्येक गाड्यांत तो वायरिंग सोपं पडतं म्हणून बॉनेटखाली बसवलेला असतो, म्हणजे पैसे खर्चून दुखणं विकत घेतलं. अपघातात पंप बंद करणारा स्विच त्याच्या वायरीत हवाच. नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या, काचेचा फिल्टर हेडरच्या डोक्यावर टांगू नका. तरीही त्रास राहिला तर फिल्टरपासून टाकीकडे बारीक छिद्राची परतीची नळी द्या. पेट्रोल सतत फिरत राहतं, एका जागी तापत नाही, वाफ आली तरी टाकीत निघून जाते. सगळ्या उपायांत मला हा सर्वांत आवडतो.

इथेनॉलचाही हात यात आहे. थोड्या प्रमाणात मिसळलेलं इथेनॉल पेट्रोलचा बाष्पदाब वाढवतं, आणि या गाड्या आखल्या गेल्या तेव्हा असं पेट्रोल हिशोबात नव्हतं. शिवाय ते जुन्या रबराला फुगवतं. नळीचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं येतं, बाहेरून नळी नवीकोरी दिसते. त्याचे तुकडे सुईच्या बैठकीत अडकले की हीच गाडी कोरडेपणावरून ओव्हरफ्लोवर जाते आणि निदान करणारा चक्रावतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या एकदम बदला, एसएई जे३० आर९ असं छापलेल्या.

जे करू नये

थर्मोस्टॅट काढून टाकणे. हा फॉल्ट इंजिन बंद झाल्यावरच्या उष्णतेचा आहे, थर्मोस्टॅट नसल्याने तो जात नाही, वर इंजिन गार चालून झिजतं. चावी बंद झाल्यावरही काही मिनिटं चालणारा इलेक्ट्रिक पंखा त्यापेक्षा कितीतरी कामाचा. हेडरला कापडी पट्टी गुंडाळण्याने बॉनेटखाली फरक पडतो, पण पट्टीत ओल साठून साधं पोलाद आतून सडतं. सिरॅमिकचा लेप महाग असला तरी बरा. आणि जेट बदलून बघणे हा उपाय तर मुळीच नाही. उकळतं पेट्रोल कुठल्याही नंबरच्या जेटमधून तसंच उकळतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा, विशेषतः गाडी हल्लीच घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय काय काढलं याची यादी आधी करा.

दुरुस्ती झाली हे ठरवायची परीक्षा: भर दुपारी अर्धा तास चालवा, पाच मिनिटं आयडलवर उभी करा, बंद करा, बॉनेट न उघडता वीस मिनिटं थांबा आणि मग सेल्फ मारा. लागली, तर पुन्हा एकदा तसंच, या खेपेला टाकी पाव भरलेली असताना, कारण कमी पेट्रोल लवकर तापतं. दोन्ही वेळा लागली तरच जुना सुटा भाग टाकून द्या, तोवर डिकीत राहू द्या.